अतिथिगृहाची जागा वैशाखात पाहावी

शहरातील माणूस अलीकडे सुटीच्या दिवशी शेताकडे वळू लागला आहे. ज्या शेतावर पूर्वी केवळ आप्तेष्ट व व्यापारी येत, तेथे आता अनोळखी कुटुंबे पैसे मोजून येतात, हुरडा खातात, बैलगाडीत बसतात आणि एखादी रात्र मुक्काम करून परत जातात. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ च्या सुमारास या धर्तीचे प्रायोगिक केंद्र उभे राहिले. तेव्हापासून कृषी पर्यटन हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत रूढ झाला. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होऊ लागली. सोलापूर जिल्ह्यातील अनेक तरुण शेतकऱ्यांच्या मनात हा जोडधंदा करण्याचा विचार घोळत आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : अतिथिगृह बांधावयाचे, ते नेमके कोठे ?

या प्रश्नास सामान्यतः मिळणारे उत्तर ठरलेले आहे. पाण्याच्या काठी बांधा, रस्त्यालगत बांधा, आणि लौकर बांधा. यांतील पहिली दोन उत्तरे अर्धवट खरी आहेत व तिसरे घातक आहे, असे आमचे मत आहे. मार्गशीर्ष-पौषात, शाळूचे पीक डोलत असताना आणि तलाव तुडुंब असताना, सोलापूर जिल्ह्यातील कोणतीही जागा रम्यच दिसते. त्या महिन्यात जागा पसंत करणारा मनुष्य वर्षातील दोन महिने पाहतो व दहा महिने विसरतो. जागेची खरी परीक्षा वैशाखात होते आणि तिची फेरपरीक्षा भाद्रपद-आश्विनात होते. या दोन्ही परीक्षांत उतरेल तीच जागा अतिथिगृहास योग्य होय.

पाहुणा कोण, हे प्रथम ठरवावे

जागेचा विचार करण्यापूर्वी आपणाकडे कोणता पाहुणा येणार हे निश्चित केले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात येणारे प्रवासी मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला वर्ग यात्रेकरूंचा. पंढरपूर, अक्कलकोट आणि शेजारच्या जिल्ह्यातील तुळजापूर ही तीन क्षेत्रे करणारी कुटुंबे वर्षभर सोलापुरावरून ये-जा करतात. या पाहुण्यास शांत झोप, स्वच्छ स्नानगृह व पहाटे देवदर्शनास निघण्याची सोय हवी असते. मोठ्या रस्त्यापासून आत दूरवर असलेल्या शेतावर तो सहसा जाणार नाही. त्याच्यासाठी जागा हमरस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत असावी, परंतु रात्रभर धावणाऱ्या मालमोटारींचा आवाज झोपमोड करील इतकी जवळ नसावी.

दुसरा वर्ग हुरड्यासाठी येणाऱ्यांचा. मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्राने दिला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा या जिल्ह्यास हुरड्याची थोरवी सांगावयास नको. हा पाहुणा डिसेंबरच्या मध्यापासून साधारणतः जानेवारीअखेरपर्यंत येतो. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्डा यात्राही संक्रांतीच्याच सुमारास भरते. यास तलाव नको, नदी नको; त्यास कणसे, आगटी, चटणी, गूळ व गप्पा मारण्यास सावली हवी. म्हणजे याचे ठिकाण हे मुळात शेतच आहे. फुले उत्तरा व फुले मधुर हे हुरड्याचे खास वाण दहा-बारा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरले, तर कोवळी कणसे अधिक दिवस उपलब्ध होतात व हंगाम लांबतो.

तिसरा वर्ग पक्षी व माळरान पाहणाऱ्यांचा. उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. नान्नजच्या माळावर काळवीट दिसतात. हा पाहुणा पहाटे उठतो, सूर्य वर येण्यापूर्वी निघतो आणि गोंगाटास कंटाळतो.

या तिघांना एकाच ठिकाणी संतुष्ट करण्याचा प्रयत्न करणाराच्या पदरी बहुधा एकही पाहुणा टिकत नाही. आपली जमीन ज्यास अनुकूल, त्यासच बोलवावे.

उजनीचा काठ आणि सरकणारे पाणी

आता पाण्याच्या काठाचा मोह पाहू. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. परंतु त्यांपैकी अर्ध्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ अब्ज घनफूट, हा मृत साठा होय. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर व मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे. याचा अर्थ, उपयुक्त साठा संपेपर्यंत पाणी जवळजवळ सहा मीटर खाली जाते. काठाची जमीन शंभरास एक अशा सौम्य उताराची असेल, तर सहा मीटर उतरलेले पाणी आडव्या मापाने सुमारे सहाशे मीटर दूर सरकते. पौषात ज्या ओसरीवरून लाटा दिसल्या, त्याच ओसरीवरून वैशाखात भेगाळलेला गाळ दिसावा, हे या गणिताचे स्वाभाविक फळ आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उपयुक्त साठा संपून पाणी मृत साठ्यातही खोलवर उतरले होते.

याखेरीज दुसरी गोष्ट अशी की, पाणी सरकल्यावर उघडी पडणारी जमीन ही आपली नसते. ती धरणासाठी संपादित झालेली शासकीय जमीन असून तीत गाळपेर होते. तिच्यावर पक्के बांधकाम करता येत नाही, आणि आपले अतिथिगृह व पाणी यांच्यामध्ये उद्या कोणते पीक उभे राहील हेही आपल्या हाती नसते. तिसरी गोष्ट आरोग्याची. या जलाशयात पुण्याकडून सांडपाण्याचा भारही येतो. म्हणून ते पाणी शुद्धीकरणाशिवाय पाहुण्यास पिण्यास देणे सर्वथा अयोग्य होय.

मग उजनीच्या परिसरात अतिथिगृह बांधूच नये काय ? तसे आमचे म्हणणे नाही. पाणी ओसरून उघड्या पडणाऱ्या दलदलीतच रोहित पक्ष्यांचे अन्न असते. जे ओसरणे तलावाची शोभा हरण करते, तेच पक्ष्यांना बोलावते. तेव्हा ज्यास पक्षी दाखवावयाचे आहेत त्याने काठास चिकटून न राहता मागील उंचवट्यावर, जुन्या वस्तीशेजारी घर बांधावे आणि पाहुण्यास पहाटे नावेपर्यंत न्यावे. जलाशयाच्या पुणे जिल्ह्यातील बाजूस, कुंभारगाव व भिगवण परिसरात, स्थानिक मच्छीमार कुटुंबांनी नेमके हेच केले. नाव त्यांची, पाण्याची जाण त्यांची आणि जेवणही त्यांच्याच घरचे. पाहुण्यांना पाणी दाखविण्यासाठी पाण्यातच घर बांधावे लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केले आहे. करमाळा तालुक्यातील काठ मात्र पुणे-सोलापूर महामार्गाच्या पलीकडच्या बाजूस आहे. तेथील शेतकऱ्यांनी नकाशावरील सरळ अंतरावर विसंबू नये. पाहुण्याची मोटार प्रत्यक्षात किती वळसा घालून येईल ते स्वतः एकदा प्रवास करून पाहावे.

नदीकाठची दुसरी परीक्षा

वैशाखात कोरडी दिसणारी नदी भाद्रपद-आश्विनात काय करू शकते, हे जिल्ह्याने अलीकडेच दोनदा अनुभवले. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने भीमेस पूर येऊन पंढरपूरसह काठावरील गावे जलमय झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतील काठची शेते व घरे बुडाली; शेतांतील माती खरडून गेली, गोठ्यांतील जनावरे दगावली, आणि सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूकही काही काळ थांबवावी लागली. ज्या नदीच्या पात्रातून उन्हाळ्यात मुले चालत पलीकडे जातात, तिचे हे रूप होय.

म्हणून नदीकाठी जागा असल्यास जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहिल्याशिवाय एक वीटही रचू नये. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा तांबड्या रेषेने दाखवितात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा बांधकामास निषिद्ध, व निळ्या-तांबड्या रेषांमधील पट्टा निर्बंधित असतो. ज्या गावी अशा रेषा आखलेल्या नसतील, तेथे गावातील वृद्धांना विचारावे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे त्यांच्या स्मरणात असते. आणि २०२५ चे पाणी कोठवर आले, हे तर आज शाळकरी मुलेही दाखवितील. झोपलेले अनोळखी कुटुंब आपल्या छपराखाली असताना रात्री पाणी चढले, तर त्या जिवांची जबाबदारी आपलीच असते, याचा विसर पडू नये.

पांढरी आणि काळी

आपल्या पूर्वजांनी वस्तीची जागा कशी निवडली, याची साक्ष आपल्या भाषेतच आहे. गावठाणास आपण पांढरी म्हणतो व शिवारास काळी म्हणतो. घरे पांढरीवर आणि पीक काळीत, हा त्यामागील साधा नियम. आज पाहुण्यांच्या हौसेपायी हा नियम मोडला जात आहे. रस्त्यालगतची खोल काळी जमीन सपाट असते, मोजण्यास सोपी असते, म्हणून तिच्यातच खोल्या उभारल्या जातात.

यात दुहेरी नुकसान आहे. खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात, फरशा उचलल्या जातात, दारे बसेनाशी होतात. मुरमापर्यंत पाया नेल्यास खर्च इतका वाढतो की स्वस्त वाटलेली जागाच महाग पडते. पावसाळ्यात अशा जमिनीतून मोटार नेणेही दुरापास्त होते. पाहुण्याचे वाहन चिखलात रुतले की तो पुन्हा येत नाही. याहून मोठे नुकसान असे की, ज्या जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू पिकतो, ती जमीन कायमची पिकाबाहेर जाते. ज्या हुरड्यासाठी पाहुणा येतो, त्या हुरड्याच्या जमिनीवरच त्याची खोली बांधणे म्हणजे दुभत्या गाईस विकून तिच्यासाठी गोठा बांधण्यासारखे होय.

आपल्या बहुतेक शेतांत एखादा तुकडा बरड, मुरमाड किंवा खडकाळ असतो. जेथे कुळव चालत नाही आणि बियाणेही वसूल होत नाही, तोच तुकडा अतिथिगृहाचा. तेथे पाया उथळ चालतो, पाण्याचा निचरा होतो, वारा मिळतो आणि थोड्या उंचीवरून सारे शिवार नजरेत येते. तेथे लिंब, चिंच, करंज यांची झाडे बांधकामाच्या आधी तीन-चार वर्षे लावता आली तर फारच उत्तम. सोलापूरच्या उन्हात सावली ही भिंतीइतकीच आवश्यक आहे आणि ती आयत्या वेळी विकत मिळत नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. बरड म्हणजे गावचे गायरान नव्हे आणि गवताळ माळही नव्हे. नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. आरंभी त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर इतकी विस्तीर्ण होती. पुढे ती सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आली. तरीही ज्या पक्ष्यासाठी ते स्थापन झाले तो तेथे आता अतिदुर्मीळ झाला आहे. माळ ही पडीक जागा आहे या समजुतीने या दुर्दशेस हातभारच लावला. अभयारण्याच्या व त्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्यात बांधकामास वन विभागाचे निर्बंध असतात, त्यांची चौकशी प्रथम करावी. आपली जागा हद्दीबाहेर असली तरी रात्रीचे प्रखर दिवे व ध्वनिवर्धक यांनी ज्या वन्य जीवांसाठी पाहुणा येतो त्यांनाच आपण पळवून लावू, हे ध्यानात ठेवावे.

पाण्याचा हिशेब

आता सर्वांत कठोर कसोटी. अतिथिगृहात मुक्काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे दररोज १८० लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. आठ खोल्या, प्रत्येकीत दोन माणसे, म्हणजे सोळा पाहुण्यांस दररोज २,८८० लिटर पाणी लागेल. फळे अंगावर असलेल्या मोठ्या डाळिंबाच्या झाडास उन्हाळ्यात ठिबकने दररोज ४० लिटर पाणी धरले, तर हे पाणी ७२ झाडांचे, म्हणजे सुमारे दहा गुंठे बागेचे झाले. ज्याच्या विहिरीस वैशाखात एवढे पाणी शिल्लक असते त्याने खुशाल आठ खोल्या बांधाव्यात. ज्याची बाग चैत्रातच पाण्याच्या टँकरची वाट पाहते, त्याने दोन खोल्या बांधाव्यात व उन्हाळ्यात केंद्र बंद ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण या धंद्यास अक्षरशः लागू पडते.

पोहण्याच्या तलावाचा हव्यास तर आमच्या मते सोलापुरात सोडूनच द्यावा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व सरासरी सव्वा मीटरास थोडा कमी खोल असा लहान तलावही एका भरणीस ६०,००० लिटर पाणी घेतो. उन्हाळ्यात दररोज एक सेंटिमीटर पाणी उडून गेले, तरी ५०० लिटर नुसते हवेत जाते. शेजाऱ्याची बाग सुकत असताना आपल्या अंगणात निळे पाणी चमकत राहिले, तर गावाची सहानुभूती टिकणार नाही. आणि गावाच्या सहानुभूतीवाचून हा धंदा चालत नाही.

याउलट छपराचे पाणी साठविण्याकडे आपण दुर्लक्ष करतो. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर दोनशे चौरस मीटर छपरावर १,१०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ८८,००० लिटर उरते, म्हणजे वरील सोळा पाहुण्यांची पूर्ण एक महिन्याची सोय. टाकी किंवा अस्तर घातलेले शेततळे यांची जागा म्हणूनच खोल्यांच्या आधी ठरवावी. छपरापेक्षा टाकी खाली, आणि सांडपाण्याचा खड्डा विहिरीपासून दूर व तिच्या उताराच्या खालच्या अंगास, हा क्रम चुकवू नये.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर असे म्हटले जाईल की, बरडावर, काठापासून दूर, पोहण्याच्या तलावाशिवाय बांधलेल्या घराकडे पाहुणा का येईल ? मोठे भांडवलवाले तर काठावर भव्य विश्रामधाम उभारतील आणि त्यांच्याशी आपली स्पर्धा कशी होणार ? आक्षेप रास्त आहे. परंतु अशा स्पर्धेत शेतकऱ्याने उतरूच नये, हेच त्याचे उत्तर होय. संगमरवरी फरशी व निळा तलाव पाहुण्यास शहरातही मिळतो. पहाटेची धार, पेटलेली आगटी, डाळिंबाच्या छाटणीचे कारण समजावून सांगणारा बागाईतदार आणि चुलीवरची कडक भाकरी या गोष्टी त्यास तेथे मिळत नाहीत. सोलापूरच्या डाळिंबास मानांकन आहे, केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, हत्तरसंग कुडल येथे भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील मराठी शिलालेख आहे. हे सारे वैभव ज्या शेतापासून दिवसभराच्या फेरीत पाहून होते, ते शेत काठापासून दूर असले म्हणून बिघडत नाही.

शेवटचा मुद्दा मालकीचा. चांगल्या काठास, चांगल्या वळणास गिऱ्हाइके येऊ लागली आहेत. उजनीसाठी ज्या कुटुंबांनी एकदा जमिनी दिल्या, त्यांच्या उरलेल्या जमिनी दुसऱ्यांदा, आणि या खेपेस केवळ करमणुकीसाठी, हातच्या जाऊ नयेत असे आम्हांस कळकळीने वाटते. जमीन विकून आलेला पैसा लग्नात व मोटारीत संपतो आणि विकणाऱ्याचाच मुलगा त्या जमिनीवर पहारेकरी म्हणून उभा राहतो. शासनाच्या धोरणाचा हेतूही शेती टिकवून तिला उत्पन्नाची जोड देणे हा आहे. म्हणून दोन खोल्या असोत, पण त्या आपल्या सात-बाऱ्यावर असोत.

तेव्हा ज्या बंधु-भगिनींच्या मनात हा उद्योग आहे, त्यांनी एक वर्ष धीर धरावा. गुढीपाडव्यास निवडलेल्या जागी चार खुंट्या ठोकाव्यात. वैशाखात भर दुपारी तेथे तासभर बसावे आणि विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे. भाद्रपदात मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःचे वाहन तेथवर न्यावे. पौषात चार स्नेह्यांना हुरड्यास बोलावून त्या जागी बसवावे व त्यांचे मत ऐकावे. त्यानंतरही खुंट्या त्याच जागी ठेवाव्याशा वाटल्या, तर खुशाल पाया खणावा. आणि त्या हलवाव्याशा वाटल्या, तर चार खुंट्यांपलीकडे काहीही खर्च झालेला नसेल.